विश्लेषण : घरातला छोटा बजरीगर पोपट का चावतो? ही सवय कशी कमी करता येते?

मुलांच्या हट्टाखातर दुकानातून रंगीत पोपटाचे एखादे पिल्लू घरी येते. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. मग कुणीतरी पिंजऱ्यात हात घालते आणि बोटाला कडकडून चावा बसतो. मुले पिंजऱ्याजवळ जायला घाबरू लागतात, पिंजऱ्याची रवानगी गॅलरीत होते आणि काही महिन्यांत तो पक्षी कुणाला तरी देऊन टाकला जातो किंवा ‘उडू दे बिचारा’ म्हणत मोकळा सोडला जातो. खरे तर लहान वयातल्या पोपटाचे चावणे बहुतेक वेळा भीतीतून येते आणि थोड्या संयमाने ते कमी करता येते. त्यासाठी तो चावतो का, चावण्याआधी काय सांगतो आणि चावल्यावर आपण काय करतो, हे समजून घ्यावे लागते.

बजरीगर हा नेमका कोणता पक्षी?

आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे हिरवे, पिवळे, निळे छोटे पोपट बहुतांश वेळा लव्हबर्ड नसतात. ते असतात बजरीगर. लव्हबर्ड मूळचे आफ्रिकेतले, तर बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून तो जगभर घराघरांत पोहोचला. वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, लांबी साधारण १८ सेंटीमीटर. रानात तो मोठ्या थव्याने राहतो, गवताचे बी खातो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. 

पिल्लू ओळखण्याची खूण सोपी आहे. लहान बजरीगरच्या कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीच्या वरच्या भागापर्यंत येतात आणि डोळे पूर्ण काळे दिसतात. साधारण तीन-चार महिन्यांचा झाल्यावर पहिली पिसे झडतात आणि कपाळ स्वच्छ होते. पुढे बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत बाहुलीभोवती फिकट कडे दिसू लागते. 

त्याला आपल्या हाताची भीती का वाटते?

बजरीगर हा शिकार होणारा पक्षी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कारण धोका कुठूनही येऊ शकतो. त्यातही वरून झेपावणारी वस्तू म्हणजे ससाणा, हे त्याच्या अंगात भिनलेले आहे. आपला हात पिंजऱ्याच्या दारातून आत येतो, वरून येतो, पाच बोटे पसरून येतो. त्याच्या दृष्टीने ती पकडायला आलेली नखेच असतात.

त्यात भर पडते ती दुकानातल्या अनुभवाची. मोठ्या पिंजऱ्यात पन्नास पक्ष्यांबरोबर वाढलेल्या पिल्लाला दुकानदार झडप घालून पकडतो, भोके पाडलेल्या खोक्यात कोंबतो आणि खोके गिऱ्हाइकाच्या हातात देतो. माणसाच्या हाताची त्याची पहिली ओळख ही अशी झालेली असते. घरी आल्यावर थवा नाही, ओळखीचा आवाज नाही आणि पळायला जागाही नाही. रानात घाबरलेला पक्षी उडून जातो. पिंजऱ्यात ती सोय नसल्यामुळे त्याच्याकडे उरते ती फक्त चोच.

प्रत्येक वेळी चोच लागणे म्हणजे चावणे असते का?

नाही. पोपटवर्गीय पक्ष्यांसाठी चोच हा जणू तिसरा पाय असतो. फांदीवर चढताना तो आधी चोचीने फांदी धरून पाहतो, ती वजन पेलेल का याचा अंदाज घेतो आणि मगच पाय टाकतो. बोटावर चढण्याआधी तो बोटाला चोच लावतो, तेव्हाही तो हेच करत असतो. नेमक्या त्याच क्षणी आपण ‘चावला!’ म्हणून बोट मागे घेतो. मग या फांदीचा भरवसा नाही, असा धडा पक्षी घेतो आणि पुढच्या वेळी जास्त घट्ट पकडतो.

याशिवाय लहान पोपट नवी वस्तू चोचीने आणि जिभेने तपासतो. अंगठी, नखे, शर्टाचे बटण, कानातले, हातावरचा तीळ, काहीही त्याला कुरतडून पाहायचे असते. हे रांगत्या बाळाने हाताला लागेल ते तोंडात घालण्यासारखे आहे. त्यात राग नसतो. हलका चोचस्पर्श, कुतूहलाचे कुरतडणे आणि घाबरून घेतलेला चावा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बोट स्थिर ठेवायचे, दुसरीत त्याला कुरतडायला दुसरी वस्तू द्यायची आणि तिसरी मुळात घडूच नये याची काळजी घ्यायची.

चावण्याआधी तो काय सांगतो?

पक्षी एकदम चावला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चावा हा त्याचा शेवटचा शब्द असतो. त्याआधी तो बरेच काही सांगून झालेला असतो. पिसे अंगाला घट्ट चिकटवून तो सडपातळ आणि ताठ होतो. खाणे किंवा किलबिल मध्येच थांबवून जागीच थिजतो. मान आणि अंग हातापासून लांब झुकवतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला सरकतो. तरीही हात पुढे आला, तर चोच उघडून हाताच्या दिशेने मान पुढे काढतो, कधी कर्कश ओरडतो. त्यानंतर चावा येतो.

उलट तो निवांत असतो तेव्हा पिसे सैलसर असतात, एक पाय वर घेतलेला असतो, चोचीची हलकी करकर ऐकू येते, तो पिसे साफ करत असतो किंवा बारीक आवाजात बडबडत असतो. मात्र पक्षी दिवसभर पिसे फुलवून, डोळे मिटून मलूल बसत असेल, तर तो निवांतपणा नसून आजारपण असू शकते.

चावण्याची सवय लागते कशी?

एखाद्या वागण्याचा फायदा झाला की ते वागणे पुन्हा घडते, हा शिकण्याचा साधा नियम आहे. पक्षी लांब झुकला, सरकला, चोच उघडली, तरी हात पुढेच येत राहिला. मग तो चावला आणि हात झटक्यात मागे गेला. या व्यवहारातून पक्षी एवढेच शिकतो की इशाऱ्यांचा उपयोग होत नाही, चाव्याचा होतो. असे आठ-दहा वेळा घडले, की तो इशारे देणे सोडून थेट चावू लागतो. ‘आमचा पोपट काही कारण नसताना चावतो’ अशी तक्रार ज्या घरांत असते, तिथे बरेचदा हेच घडलेले असते.

म्हणूनच ‘चावला तरी हात मागे घेऊ नका, त्याला कळू द्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. चावे सहन करत बसल्याने भीती जात नाही. खरा उपाय त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. पक्षी नुसता ताठ झाला किंवा जरासा लांब झुकला की तिथेच थांबावे आणि हात सावकाश मागे घ्यावा. साध्या इशाऱ्याला मान मिळतो हे कळले, की त्याला चाव्याची गरज उरत नाही. यामुळे पक्षी डोक्यावर बसेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. बजरीगर घरातल्यांवर हुकूमत गाजवायला चावत नाही. त्याला फक्त सुरक्षित अंतर हवे असते.

हाताची ओळख कशी करून द्यायची?

सुरुवात पिंजऱ्याच्या जागेपासून करावी. पिंजरा छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून, माणसांचा वावर असलेल्या खोलीत असावा. स्वयंपाकघरात, एसीच्या झोतात किंवा दिवसभर उन्हात नको. सारखी जागा बदलू नये. पहिले तीन-चार दिवस दाणा-पाणी बदलण्यापलीकडे पिंजऱ्यात हात घालू नये. जवळ बसावे, हळू आवाजात बोलावे, वाचावे. आपण असतानाही तो खाऊ-पिऊ लागला, की पुढची पायरी घ्यावी.

दुसऱ्या पायरीत हात पिंजऱ्याबाहेरच ठेवायचा. पक्षी खात राहील इतक्या अंतरावर हात स्थिर धरावा आणि तो अस्वस्थ होण्याआधी काढून घ्यावा. रोज अंतर बोटभर कमी करावे. इथे घाई केली तर पुढचे सगळे बिघडते.

तिसऱ्या पायरीत खाऊ येतो. राळ्याचे कणीस हा बजरीगरचा जीव की प्राण. पक्ष्यांच्या दुकानात ते सुकवलेले मिळते. ते एरवी पिंजऱ्यात टांगून ठेवू नये, फक्त हातातूनच द्यावे, म्हणजे हाताला किंमत येते. आधी गजांतून, मग दारातून लांब कणीस धरून द्यावे. पक्षी बिनधास्त खाऊ लागला की रोज कणीस थोडे आखूड धरावे. शेवटी तो बोटांच्या अगदी जवळ येऊन खातो. 

चौथ्या पायरीत कणीस अशा बेताने धरावे, की ते गाठण्यासाठी त्याला बोटावर एक पाय ठेवावा लागेल. एक पाय ठेवला तरी शाबासकी आणि खाऊ. दोन्ही पाय ठेवले, की बोट तसेच स्थिर ठेवावे, उचलायची घाई करू नये. त्यानंतर बोट पायांच्या जरा वर, पोटाच्या खालच्या भागाजवळ आडवे धरून ‘ये’ असा एकच शब्द रोज वापरावा. बोटाला चावा बसण्याची धास्ती वाटत असेल, तर आधी लाकडी दांडीवर सराव करावा. आपला हात थरथरला की पक्षीही बिचकतो.

प्रत्येक सराव पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा पुरे. सकाळी दाण्याची वाटी भरण्याआधीची वेळ उत्तम. पण शिकवण्यासाठी पक्ष्याला उपाशी ठेवू नये. एवढ्याशा जिवाला दीर्घ उपवास झेपत नाही. तो चढायला तयार नसेल, तर त्या दिवशी विषय सोडून द्यावा. काही पिल्ले दोन आठवड्यांत बोटावर येतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. एकटा पक्षी लवकर माणसाळतो, पण मग त्याला रोज पुरेसा वेळ द्यावा लागतो. जोडी एकमेकांत रमते, त्यामुळे माणसाळायला उशीर लागतो.

तरीही चावला तर काय करावे?

ओरडू नये, हात झटकू नये. हात झटकला तर पक्षी पडून जखमी होऊ शकतो आणि आपल्या आरडाओरड्याची त्याला गंमतही वाटू शकते. चेहरा कोरा ठेवून त्याला जवळच्या दांडीवर किंवा टेबलावर सावकाश उतरवावे, काही क्षण त्याच्याकडे लक्ष देऊ नये आणि मग आधीच्या सोप्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करावी. चोच सुटत नसेल तर ओढाताण न करता कणीस किंवा कागदाचा बोळा चोचीजवळ न्यावा.

एका वहीत आठवडाभर तीनच गोष्टी लिहाव्यात : चावण्याआधी काय घडले, तो नेमका कुठे चावला आणि त्यानंतर आपण काय केले. बहुतेक घरांत सातव्या दिवशी कारण कागदावर दिसते. कुणाच्या घरी तो फक्त संध्याकाळी चावतो, कुणाच्या घरी पिंजऱ्यात परत ठेवताना, तर कुणाच्या घरी लाल नेलपॉलिश लावलेल्या बोटांना. पिंजऱ्यात परत ठेवताना चावत असेल, तर मधूनच त्याला आत ठेवून खाऊ द्यावा आणि पुन्हा बाहेर काढावे. आत जाणे म्हणजे मजा संपणे, हे समीकरण त्यामुळे मोडते.

काय करू नये?

चोचीवर टिचकी मारणे, तोंडावर फुंकर मारणे, पाण्याचा फवारा उडवणे, पिंजरा हलवणे, अंधारात कोंडणे हे सगळे उपाय चावणे वाढवतात. बजरीगर शिक्षेचा आणि काही मिनिटांपूर्वीच्या चाव्याचा संबंध जोडू शकत नाही. त्याला फक्त इतकेच कळते, की हा हात वाईट आहे. जाड हातमोजे घालून पकडून ‘सवय लावणे’ हाही त्यातलाच प्रकार. मुठीत धरलेला पक्षी धडपड थांबवतो, ते भीतीने थिजून. शिवाय छाती दाबली गेली, तर त्याला श्वास घेता येत नाही. पंख छाटल्याने पळण्याचा मार्ग बंद होतो आणि घाबरलेल्या पक्ष्याकडे पुन्हा चोचच उरते.

लहान मुलांना पिंजऱ्यात हात घालू देऊ नये. त्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली लांब कणीस धरावे, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे. पक्षी बाहेर काढताना पंखा बंद, खिडक्या-दारे बंद, गॅसवर काहीही नाही आणि घरातले मांजर-कुत्रे दुसऱ्या खोलीत, हा नियम कधीही मोडू नये.

झोप, वय आणि मडके यांचा काय संबंध?

बजरीगरला रोज दहा ते बारा तास शांत, अंधारी झोप लागते. आपल्या घरांत टीव्ही आणि दिवे रात्री अकरापर्यंत चालू असतात. अपुऱ्या झोपेचा पक्षी चिडचिडा होतो. संध्याकाळी ठरलेल्या वेळी पिंजऱ्यावर हवा खेळती राहील असे सुती कापड टाकल्याने बराच फरक पडतो.

पिसे झडण्याच्या काळात नवी पिसे काट्यासारखी वर येतात. तिथे हात लागला की दुखते. अशा दिवसांत अंगाला हात लावणे टाळावे. पुढे वयात येताना, साधारण सहा महिन्यांच्या आसपास, आतापर्यंत गुणी असलेला पक्षी जागेसाठी भांडू लागतो. 

आपल्याकडे पिंजऱ्याबरोबर सर्रास एक छोटे मडकेही विकले जाते. ते पक्ष्याचे ‘घर’ नसून अंडी घालण्याची जागा आहे. ढोलीसारखी अंधारी जागा मिळाली की अंडी घालण्याची ओढ जागी होते आणि मादी ती जागा जिवाच्या आकांताने राखते. पिल्ले नको असतील तर मडके काढून टाकणे हा चावणे कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

शांत पक्षी अचानक चावू लागला तर?

आधी आजाराची शंका घ्यावी. पक्षी आजार लपवतात, कारण थव्यात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. पिसे फुलवून बसणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, विष्ठेचा रंग किंवा पातळपणा बदलणे, चोचीभोवती खडबडीत पापुद्रे येणे यांपैकी काहीही दिसले, तर सराव थांबवून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. लहान पक्ष्यात एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.

चावल्यावर माणसाला इंजेक्शन घ्यावे लागते का?

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे. पोपट चावल्यामुळे रेबीजची लस घ्यावी लागत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे. रक्त आले असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. सूज, लाली वाढली तर दाखवून घ्यावे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार माणसाला होऊ शकतो. त्यामुळे पिंजऱ्याचा कागद रोज बदलावा. घरात पक्षी असताना ताप आणि कोरडा खोकला रेंगाळला, तर पक्षी पाळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

घरात देशी पोपट असेल तर?

लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला राघू आणि पहाडी पोपट हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षे आहे’ हा बचाव ठरत नाही. असा पक्षी घरात असेल तर त्याला शिकवण्याचा विचार न करता वन विभागाशी संपर्क साधावा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ ही हेल्पलाइन आहे. बजरीगर मात्र परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदास होणारा पक्षी असल्याने या यादीत येत नाही.

मोकळे सोडून देणे हा मार्ग आहे का?

अजिबात नाही. आकाशात सोडलेला बजरीगर स्वतंत्र होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्याला आपल्याकडे अन्न कुठे शोधायचे हे माहीत नसते. त्याचा पिवळा-निळा रंग लांबून दिसतो आणि कावळे, घारी, मांजरे यांच्या तावडीतून तो क्वचितच सुटतो. तो ज्या थव्यात मिसळू शकेल, असा थवा इथे नाही. सांभाळणे खरोखरच जमत नसेल, तर पक्ष्यांचा अनुभव असलेल्या घरी तो द्यावा आणि देताना तो कधी, कशाने चावतो हेही सांगावे.

चांगली काळजी घेतली तर बजरीगर पाच ते आठ वर्षे, कधी त्याहून जास्त जगतो. त्या तुलनेत हाताची ओळख करून द्यायला लागणारे काही आठवडे फार नाहीत. बोटावर कधीच न येणारा, पण हात पाहून न घाबरणारा पक्षीही घरात सुखाने राहू शकतो. काही पक्ष्यांच्या बाबतीत तेवढेच साधते आणि तेही पुरेसे असते.